घरी बांधलेली प्लायवूडची होडी: पार्किंगमधले पाच महिने आणि एक अडलेला प्रश्न

लाकूडतोड्या | 9 मार्च, रात्री 10:12

होडी झाली. तरंगते. गळत नाही. पण सरळ जात नाही, सारखी डावीकडे वळते.

ज्यांना घाई आहे त्यांनी थेट शेवटच्या परिच्छेदावर जावं. बाकीच्यांसाठी हकीगत.

ऑक्टोबरात सुरुवात केली. जागा म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधली माझी एका गाडीची जागा. गाडी पाच महिने रस्त्यावर. चेअरमनना सांगितलं होतं, थोडं फर्निचर करतोय. महिन्याभराने फर्निचरला दोन्हीकडून टोकं आल्यावर ते खाली आले, दहा मिनिटं नुसते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "लिफ्टमध्ये मावणार नाही हो हे."

सुतारकाम मला येत नाही. एकदा चपलांचं कपाट केलं होतं, ते भिंतीला टेकवलं तरच उभं राहतं. म्हणून शिवून चिकटवायची पद्धत निवडली. प्लायच्या लांब फळ्या कापायच्या, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या. सपाट फळ्यांच्या वक्र कडा एकमेकींना भेटल्या की होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतून सांध्यात इपॉक्सीची (रेझिन आणि हार्डनर कालवलं की घट्ट होणारा चिकटा) लगदी भरायची, तारा काढायच्या, वरून काचकापडाची (फायबरग्लासच्या कापडाची) पट्टी. खिळा नाही, चूल नाही, वाफेवर लाकूड वाकवणं नाही.

माप: लांबी साडेचौदा फूट, मध्ये रुंदी 80 सेंमी, तळ सपाट, दोन्ही बाजूंना दोन-दोन फळ्या. म्हणजे एकूण पाच. 6 मिमी मरीन प्लायच्या तीन शीट लागल्या. शीट आठ फुटी, होडी साडेचौदा, तेव्हा सांधा आलाच. पुस्तकी पद्धत एकास आठ उताराच्या तिरक्या सांध्याची, म्हणजे 6 मिमीच्या प्लायला 48 मिमीचा उतार रंध्याने काढायचा. मी दोन तुकडे वाया घालवले आणि मुकाट्याने मागून सहा इंची पट्टी चिकटवून मोकळा झालो. दिसायला ठिगळ आहे, पण तुटलेलं नाही.

शिवायची तार मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणली, 18 गेज. "कुठली मोटर?" म्हणून त्याने विचारलं. होडी म्हटल्यावर पन्नास ग्रॅम जास्त दिली.

इपॉक्सीत एकदा हात पोळले, अक्षरशः. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार, उत्साहाच्या भरात एका मगात चारशे ग्रॅम कालवलं. पाचव्या मिनिटाला मग गरम, आठव्याला धूर, दहाव्याला मग वितळून खाली. तेव्हापासून एका वेळी 110 ग्रॅमच (शंभरला दहा हार्डनर, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर), आणि कालवलं की लगेच पसरट ताटलीत ओतायचं. ताटलीत उष्णता साठत नाही, वेळ दुप्पट मिळतो. सांध्यात भरायला त्यातच सुताराकडचा बारीक चाळलेला भुसा. किती दाट? कापडावर लावायचं ते बासुंदी, सांध्यात भरायचं ते श्रीखंड. चमचा उलटा केला तरी पडता कामा नये.

खर्च: प्लाय साडेआठ हजार, रेझिन सहा, कापड दोन, बाकी रंग, पॉलिश पेपर, हातमोजे, ब्रश (एकदा वापरून फेकायचे, त्यामुळे डझनावारी) धरून पंचवीसच्या आसपास. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे, तो इथे कुणी विचारू नये.

वजन 27 किलो धरलं होतं, झालं 34.

आता प्रश्न. गेल्या रविवारी मित्राच्या गावच्या पाझर तलावात ग्रामपंचायतीला विचारून उतरवली. तरंगली! पण एकटा वल्हवायला बसलो तर दर तीन-चार फटकाऱ्यांत नाळ, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे. शिवताना तळात थोडा पीळ राहिला होता हे मला माहीत आहे. दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या ठेवून एकीवरून दुसरीकडे बघितलं तर एक बाजू बोटभर खाली दिसत होती. "चालतंय की" म्हणून पुढे गेलो. आता भोगतोय. हा पीळ काढता येईल का? की खाली लाकडाची पट्टी ठोकून भागेल?

---

आगाऊ कार्टा | 9 मार्च, रात्री 10:31

गोल गोल फिरायला आवडत असेल तर दोष कसला? जत्रेत पैसे देऊन बसतात लोक.

---

सायली_म | 9 मार्च, रात्री 11:05

अभिनंदन! पाच फळ्यांची होडी पहिल्याच फटक्यात न गळणं ही खायची गोष्ट नाही.

वजनाचं कोडं सोपं आहे. आपल्याकडचा 710 मार्काचा (मरीन प्लायचं भारतीय मानक) प्लाय बहुतेक गर्जन लाकडाचा. 6 मिमीची एक शीट बारा-साडेबारा किलो भरते. परदेशी नकाशांमध्ये ओकुमे नावाच्या हलक्या लाकडाचा प्लाय धरलेला असतो, तो आठ-नऊ किलोत येतो. नकाशा बरोबर, लाकूड वेगळं. खेरीज तुमचं श्रीखंड किती लागलं ते तुम्हालाच माहीत.

पण त्याचा फार बाऊ करू नका. तुमच्या मापाच्या होडीचं पाण्यात टेकलेलं क्षेत्रफळ साधारण दोन चौरस मीटर येतं, म्हणजे दर 20 किलोला ती एक सेंटीमीटर खाली जाते. सात किलो जास्त म्हणजे साडेतीन मिलिमीटर. पाण्याला कळणारही नाही. गाडीच्या टपावर चढवताना कंबरेला कळेल.

प्लाय उकळून बघितला होता का? शिक्का सगळेच मारतात.

---

लाकूडतोड्या | 9 मार्च, रात्री 11:20

हो! मानकात 72 तास उकळायची चाचणी आहे हे वाचलं होतं. मी हातभर तुकडा रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत पातेल्यात उकळला. पापुद्रे सुटले नाहीत. पाणी चहासारखं झालं आणि ते पातेलं आता होडीच्या सामानात जमा आहे, स्वयंपाकघरात परत घेतलं गेलेलं नाही.

पहिल्या दुकानातला तुकडा मात्र तीन तासांत वहीसारखा उघडला. शिक्का तोच होता.

---

दर्यावर्दी | 10 मार्च, सकाळी 7:48

मालवणहून. माझ्या आज्याचं रापणीचं (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीचं) होडकं होतं. लाकूडतोड्या, तुमची ही शिवायची पद्धत आमच्या किनाऱ्यावर जुनीच. रापणीची होडी फळ्यांना भोकं पाडून काथ्यानेच शिवलेली असायची. सांध्यावर काथ्याचा पेंढा दाबून बसवायचा आणि त्यावरून दोरी आवळायची. कारण असं की ही होडी बंदराला लागत नाही, लाटांतून सरळ वाळूवर चढवायची असते. खिळ्याची होडी त्या आपटण्याने खिळ्यापाशी फाटते. शिवलेली जरा लवते आणि पुन्हा जागेवर येते. दर वर्षी शिवण उसवून नवीन घालायची, तोही एक सोहळाच.

फरक एवढाच की आमची शिवण कायमची आणि तुमची चार दिवसांची. तुमचं खरं काम रेझिन करतंय.

आणखी एक. तुमची होडी सपाट आणि अरुंद, दोघं हलले की डोलणार. आमच्याकडे अशा अरुंद होडीला उलांडी असते. बाजूला दोन आडव्या काठ्या आणि त्यांच्या टोकाला पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका. लहान मुलांना नेणार असाल तर विचार करा. आजो म्हणायचो, "होडयेचा वजन खांद्यार कळता, तोल पाण्यात कळता."

---

सायली_म | 10 मार्च, सकाळी 9:15

शिवण्यावरून आठवलं, नौदलाची 'आयएनएसव्ही कौंडिण्य' याच पद्धतीची. काथ्याने शिवलेलं शिडाचं जहाज, गोव्यात बांधलं, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, आणि मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याचा आकार ठरवायला मूळ आधार काय, तर अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र. नकाशा नाही, माप नाही, एक भित्तिचित्र. त्यामानाने लाकूडतोड्यांकडे निदान पीडीएफ होती.

---

फायबरवाला | 10 मार्च, सकाळी 11:40

रत्नागिरीत वीस वर्षं फायबरचं काम करतोय. सहा हजारांचं इपॉक्सी कशाला घेतलंत? साधं पॉलिएस्टर रेझिन निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. आम्ही सगळ्या होड्या त्यातच करतो, वर्षानुवर्षं चालतात.

---

सायली_म | 10 मार्च, दुपारी 12:22

दादा, तुमच्या होड्या संपूर्ण फायबरच्या, त्यांना पॉलिएस्टरच योग्य. इथे खाली लाकूड आहे. पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही. ओल खाऊन लाकूड फुगलं-आटलं की थर कडेने सुटतो, मागे पाणी शिरतं आणि आतल्या आत प्लाय कुजतो. वरून चकचकीत, आतून मऊ.

मात्र तुमच्या बाजूनेही एक साक्ष आहे. ही शिवून चिकटवायची पद्धत घराघरात पोचली ती ब्रिटनमधल्या 'मिरर' नावाच्या छोट्या शिडाच्या होडीमुळे, 1963 च्या सुमारास. टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांची कल्पना, होडीचा आराखडा करणारे जॅक होल्ट, आणि पाठीशी 'डेली मिरर' हे वर्तमानपत्र. म्हणून शिडं लाल. लांबी 10 फूट 10 इंच. 70 हजारांच्या वर होड्या झाल्या, कितीतरी लोकांनी घराच्या गॅरेजमध्ये बांधल्या. आणि त्यांना सुरुवातीला पॉलिएस्टर रेझिनच होतं! त्यातल्या काही अजून तरंगतात. पण त्या वर्षातला बराच काळ झाकून, कोरड्या ठेवतात.

---

फायबरवाला | 10 मार्च, दुपारी 12:50

कोरडी ठेवायची होडी! बरं. मान्य. लाकडावरचा थर सुटलेला मीपण बघितलाय, जुन्या लाकडी होडीवर वरून फायबर चढवून घेतात लोक, तिथे हेच होतं. गिऱ्हाईक मग आम्हाला शिव्या देतं.

लाकूडतोड्या, एक मात्र ऐका. पावसाळ्यात इपॉक्सी लावू नका. दमट हवेत वर चिकट पांढरट साय येते. त्यावर दुसरा हात मारला की धरत नाही. आलीच तर कोमट पाणी आणि घासणी, मग सुकवून पॉलिश पेपर. थिनरने पुसून ती नुसती पसरते. आणि हातमोजे घालताय ना? हार्डनर अंगावर उठतो. आमच्या एका पोराला आता डबा उघडला तरी खाज सुटते, काम सोडायला लागलं त्याला.

---

लाकूडतोड्या | 10 मार्च, दुपारी 1:30

मोजे पहिल्या दिवसापासून. त्या बाबतीत भित्रा आहे.

दर्यावर्दी, उलांडीची कल्पना डोक्यात बसली. पण तूर्तास मुलांना नेतच नाहीये. आधी सरळ जाऊ दे.

---

कृष्णाकाठ | 10 मार्च, रात्री 8:10

सांगलीकर. आमच्याकडे कृष्णेवर होड्यांच्या शर्यती असतात, त्यामुळे होडी म्हटलं की हात शिवशिवतात. तरी थोडा कडवट प्रतिसाद देतोय, राग मानू नका.

2019 च्या पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. माणसं पोटात आली की बोटीचा काठ आणि पाणी यांतलं अंतर किती उरतं, याकडे तेव्हापासून माझी नजर आपोआप जाते. होडी बुडते ती बहुतेक वेळा गळून नाही, काठावरून पाणी आत येऊन. सायलीताईंनी दर 20 किलोला एक सेंटीमीटर सांगितलं ते फार उपयोगी. लाकूडतोड्या, तेच गणित उलटं करा आणि आतल्या बाजूला रंगाने लिहून टाका: माणसं दोन, बस. तिसऱ्याला बसू देताना आपण सगळेच "चल रे, काही होत नाही" म्हणतो.

आणि टोकांना हवाबंद कप्पे केलेत का?

---

लाकूडतोड्या | 10 मार्च, रात्री 8:45

राग कसला. कप्पे केलेत, दोन्ही टोकांना, आणि विश्वास नाही म्हणून आत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बूच लावून कोंबल्यात. कप्पा फुटला तरी बाटल्या राहतील. तलावात मुद्दाम उलटी करून बघितली, काठोकाठ भरूनही तरंगत राहते. जाकीट घालूनच हे केलं. आणि हो, "माणसं दोन" उद्याच लिहितो.

---

मधुराक्का | 10 मार्च, रात्री 9:30

तलाव म्हणालात म्हणून बरं वाटलं. आमच्या भागात हौशी मंडळी शेततळ्यात पोहायला, ट्यूब घेऊन खेळायला उतरतात. प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात कृपा करून कुणी होडी घालू नका. कडा इतक्या निसरड्या असतात की पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. निदान गाठी मारलेला दोर काठावरून आत सोडलेला असावा.

---

बर्फाळ बंड्या | 11 मार्च, पहाटे 4:52

ओंटारिओहून. इथे आत्ता संध्याकाळ आहे, पहाटे उठून होडीवर लिहिण्याइतका मी वेडा नाही.

मी दोन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये सीडरच्या पट्ट्यांची सोळा फुटी कनू (दोन्ही टोकांना निमुळती, सुट्या वल्ह्याने चालवायची होडी) केली. दर फुटावर प्लायचे साचे उभे करायचे, त्यावरून पाव इंच जाड, पाऊण इंच रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत जायचं, मग आतबाहेर काचकापड आणि इपॉक्सी. दिसते सुंदर. वेळ मात्र तुमच्या तिप्पट. (गोव्यात दिवाडीला बांधलेली नौदलाची 'म्हादेई', जिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जग फिरून आले, तिचंही अंग लाकडी पट्ट्या आणि फायबरचंच, म्हणून मला उगाच नातं वाटतं.) तुमचा मग वितळला, माझं उलट झालं. जानेवारीत लावलेलं इपॉक्सी चार दिवस गुळासारखं चिकटच. शेवटी कनूवर प्लास्टिकचा तंबू आणि आत दोन दिवे लावून तिला ऊब दिली, नवजात बाळासारखी.

इथे पीटरबरोला कनूचं मोठं संग्रहालय आहे. तिथे मूळ रहिवाशांच्या भूर्जाच्या सालीच्या कनू बघितल्या. त्याही शिवलेल्या! स्प्रूसच्या मुळांनी शिवायच्या आणि वरून त्याच झाडाचा डिंक. दर्यावर्दींच्या काथ्याची आठवण झाली.

असो, आता मुद्दा. लाकूडतोड्या, तुम्ही वल्हं कुठल्या बाजूला मारता?

---

लाकूडतोड्या | 11 मार्च, सकाळी 7:05

उजवीकडे. का?

---

बर्फाळ बंड्या | 11 मार्च, सकाळी 7:20

अहो, मग ती डावीकडेच जाणार! एका बाजूने ढकललं की कुठलीही कनू दुसरीकडे वळते. पिळाचा संबंध असेल-नसेल, पण तुमचं वर्णन ऐकून नव्वद टक्के दोष मनगटात आहे.

दोन गोष्टी करा. पहिली, मागच्या बाकावर बसू नका. एकटा माणूस मागे बसला की नाळ वर उचलली जाते आणि वाराही तिला फिरवतो. होडी दोन्हीकडून सारखी असेल तर पुढच्या बाकावर उलटं तोंड करून बसा, म्हणजे आपोआप मध्याजवळ येता. दुसरी, फटकारा संपताना वल्हं तसंच उचलू नका. वरच्या हाताचा अंगठा खाली वळवा आणि पातं होडीपासून बाहेर हलकं ढकला. पात्याचा मार्ग इंग्रजी जे अक्षरासारखा होतो. आठवडाभर मनगट दुखेल, नंतर हात विचार न करता करतो.

पिळाची परीक्षा वेगळी. वारा नसताना चार जोरदार फटकारे मारा, वल्हं बाहेर काढा, हलू नका. नुसती घसरत जाताना कुठे वळते ते बघा. दोन्ही बाजूंनी वल्हवून, तीन-तीनदा. मग पट्टी ठोकायची की नाही ते ठरवा.

---

आगाऊ कार्टा | 11 मार्च, सकाळी 9:02

म्हणजे पाच महिने सुतारकाम सुधारलं आणि बिघडलेला होता सुतार.

---

दर्यावर्दी | 11 मार्च, सकाळी 9:40

बंड्या बरोबर सांगतायत. मला हे सुचायला हवं होतं, पण आमची होडी दोन्हीकडून वल्हवतात, एका वल्ह्याचा विचारच डोक्यात येत नाही.

पट्टी ठोकायचीच झाली तर तळाला मधोमध, मागच्या तिसऱ्या हिश्शात, दोन-अडीच सेंटीमीटर उंच पुरे. पूर्ण लांबीची नको, मग वळायचं नावच घेणार नाही.

---

लाकूडतोड्या | 16 मार्च, रात्री 9:15

आज तलावावर जाऊन आलो. सकाळी सहाला, वारा सुटायच्या आत. उलटं तोंड करून पुढच्या बाकावर. काठावर गुरं घेऊन आलेल्या आजोबांना वाटलं मला पुढचं-मागचं कळत नाही. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

निकाल: उजवीकडे वल्हवलं तर डावीकडे, डावीकडे वल्हवलं तर उजवीकडे. बंड्या, साष्टांग. तो इंग्रजी 'जे'चा फटकारा जमायला दीड तास गेला. शेवटी शेवटी सात-आठ फटकारे सलग सरळ गेले.

मग घसरायची परीक्षा. सहा वेळा केली. सुरुवातीला दोन होड्यांच्या लांबीइतकी सरळ जाते, मग हळूच वळते. सहाही वेळा उजवीकडे.

उजवीकडे! म्हणजे पीळ आहे, पण मी पाच दिवस ज्या बाजूने त्याला शिव्या घालत होतो त्याच्या उलट बाजूला. इतके दिवस तो बिचारा माझ्या उजव्या हाताची चूक थोडी सावरूनच घेत होता.

---

सायली_म | 16 मार्च, रात्री 9:32

हाहाहा. मग पट्टी?

---

लाकूडतोड्या | 16 मार्च, रात्री 9:50

नाही ठोकत. मी उजवीकडूनच वल्हवतो ना.

दर्यावर्दी, उलांडीच्या आडव्या काठ्या होडीला बांधता की ठोकता? आणि ओंडका काठापासून किती लांब? मुलीने आज काठावरून सगळं बघितलंय, आता घरात दुसरा विषय नाही.

---

दर्यावर्दी | 17 मार्च, सकाळी 6:58

बांधतो. ठोकायचं काहीच नाही, दोरीनेच, म्हणजे वाळूवर काढून ठेवता येते. अंतर होडीच्या रुंदीच्या दुपटीला कमी नको. ओंडका पाण्याला जेमतेम टेकलेला हवा, बुडालेला नको, नाहीतर तो ओढ देतो आणि होडी त्याच बाजूला वळते.

तुमच्या बाबतीत डाव्या बाजूला बांधा. पिळाचा हिशोब परस्पर मिटला तर मिटला.